कॉम्प्रेसर खरंच गेलाय का? एसीचा कॉम्प्रेसर क्रमाने कसा तपासायचा

मागे एकदा मी स्वतःच एक धडधाकट कॉम्प्रेसर मेला म्हणून सांगून मोकळा झालो होतो. दुपारचे दोन, मे महिना, गच्चीवर तापलेलं आउटडोअर युनिट, कॉम्प्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन पिनांना मीटर लावलं तर कॉमनपासून रन ओपन, म्हणजे रस्ता तुटलेला, कॉमनपासून स्टार्ट पण ओपन. म्हटलं वाइंडिंग, म्हणजे मोटरची तांब्याची गुंडाळी, उडालं. त्या घरच्या काकूंना खर्च सांगितला, त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर काढायला गेलो आणि सहज परत एकदा मीटर लावलं तर तिन्ही रीडिंग चोख. काकू म्हणाल्या, "अरे, काल तर मेला म्हणालास ना?" काय बोलणार. आतला ओव्हरलोड (तापला की सप्लाय तोडणारा स्विच) गरम होऊन उघडला होता, रात्रभर गार झाला आणि जोडला गेला, मूळ दुखणं आउटडोअरच्या पंख्याच्या कपॅसिटरचं (मोटर फिरवायला मदत करणारा डबा) होतं, पंखा हळू फिरत होता आणि कॉम्प्रेसर उकडत होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, कॉम्प्रेसरवर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी बाहेरचं सगळं तपासायचं, वीज, वायर, कपॅसिटर, पंखा, जाळी, आणि ते सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेसरच्या टर्मिनलला हात. खाली तोच क्रम लिहितोय, मुख्यतः घरातल्या १ ते २ टनाच्या साध्या म्हणजे नॉन-इन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या) स्प्लिट आणि विंडो एसीसाठी. इन्व्हर्टरचं शेवटी वेगळं लिहिलंय कारण त्याचे नियमच वेगळे आहेत. नवीन हेल्पर पोरांना उपयोगी पडेल, आणि घरमालकाला मेकॅनिक काय करतोय ते तरी कळेल.

हात घालण्याआधी

एमसीबी खाली, स्टॅबिलायझरचा प्लग बाहेर, आणि तरीही आउटडोअरच्या टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज शून्य आहे हे डोळ्याने बघायचं. नुसता रिमोटने बंद केलेला एसी म्हणजे बंद एसी नव्हे.

कपॅसिटर बंद एसीतही भरलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची आपल्याकडे फार हौस, पण त्याने कपॅसिटर पण खराब होतो आणि कधी डोळ्यावर पण येतं. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब होल्डरसकट ठेवा, दोन वायर काढून टोकांना लावा, किंवा २० किलो-ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर. काही सेकंदात रिकामा. मीटरने खात्री करा आणि मगच बोट लावा.

तिसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या तीन पिना काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या असतात आणि आत गॅसचं प्रेशर असतं. आत शॉर्ट झालेला असेल तर करंट दिल्यावर पिन उडून गरम तेल आणि गॅसचा फवारा बाहेर येऊ शकतो, आणि ठिणगी असेल तर तो पेटतो. म्हणून टोपी काढलेली असताना कॉम्प्रेसर चालू करायचा नाही. जळका लग (वायरच्या टोकाची पकड) दिसला म्हणून पक्कड लावून पिन हलवायची नाही. जमेल तितकी मापं वायरच्या दुसऱ्या टोकाला, टर्मिनल ब्लॉकवर घ्यायची.

आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर ब्रॅकेटवर असेल तर सेफ्टी बेल्ट. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून खिडकीच्या ग्रिलला धरून उभं राहणारे मी बघितलेत, एक जण आता हे काम करत नाही.

सामान जास्त लागत नाही. कपॅसिटर मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून अँपिअर पण मोजतो), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर), गेज (गॅसचं प्रेशर मोजायला), एक थर्मामीटर. बल्बच्या टेस्ट लॅम्पवर कॉम्प्रेसर पास-नापास करणारे अजून आहेत, पण लॅम्पवर अर्धवट शॉर्ट वाइंडिंगसुद्धा झकास पेटून दाखवतं.

पहिले पाच मिनिटं नुसतं बघा आणि ऐका

पॅनेल उघडायची घाई नको. एसी चालू करा, १६-१८ डिग्रीवर ठेवा आणि आउटडोअरपाशी जाऊन उभे राहा. तीन मिनिटं काहीच होणार नाही, ती टायमरची तीन मिनिटं असतात, बंद झाल्यावर दोन्ही बाजूचं प्रेशर बरोबरीला यायला तेवढा वेळ लागतो म्हणून ठेवलेली. मग ऐका.

पंखा पण नाही आणि कॉम्प्रेसर पण नाही, म्हणजे बहुतेक वीज येतच नाहीये. पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर एकदम गप्प, गुणगुण पण नाही, म्हणजे ओव्हरलोड उघडाय किंवा वायर तुटलीय. कॉम्प्रेसर हुंऽऽ करतो, लाइट जरा मंद होते आणि पाच-दहा सेकंदांनी टक् करून थांबतो, म्हणजे सुरू व्हायचा प्रयत्न करतोय पण उचलत नाहीये. व्यवस्थित सुरू होतो आणि दहा-वीस मिनिटांनी बंद पडतो, तो तापतोय. चालतोय, बंद पडत नाही, पण गार करत नाही, तो गेजचा विषय. आणि एमसीबी किंवा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) लगेच पडतो, ती केस वेगळी. पुढचं सगळं या ऐकण्यावर ठरतं.

व्होल्टेज, आणि ते पण लोडवर

दीड टनाचा साधा एसी चालताना साधारण ६.५ ते ८ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर ३०-४० अँपिअर ओढतो. त्यामुळे बंद असताना २२८ व्होल्ट दाखवतंय म्हणून खूश व्हायचं नाही. मीटर आउटडोअरच्या टर्मिनलला लावून ठेवा आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा आकडा बघा. तिथे २२८ चे १८० झाले तर कॉम्प्रेसर उचलणारच नाही, नवीन बसवला तरी नाही.

मग उलटं चालत जायचं. स्टॅबिलायझरच्या आत-बाहेर मोजा, सॉकेटवर मोजा, मेन बोर्डावर मोजा, जिथे व्होल्टेज एकदम गळतंय तिथे दोष. ९० टक्के ठिकाणी म्हणणार नाही, पण १६ अँपिअरचा प्लग टॉप वितळलेला, सॉकेटचे दात सैल, न्यूट्रलचा जोड काळा पडलेला, हे तिन्ही मी इतक्या वेळा बघितलेत की आता आधी प्लग हातात घेऊन बघतो, गरम लागला की समजायचं. वायर पण बघा, दीड टनाला लांबचा रन असेल तर ४ चौरस मिमी तांब्याची हवी, लोक पंख्या-ट्यूबची वायर ओढून देतात आणि दोष एसीला देतात. गावाकडे संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, अशा ठिकाणी दुपारी तपासून काही सापडत नाही, ज्या वेळी तक्रार येते त्याच वेळी जावं लागतं.

वीज कॉम्प्रेसरपर्यंत पोचतेय का

बऱ्याच दीड टनाच्या स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) इनडोअरच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर असतो आणि तिथून वायरने सप्लाय बाहेर येतो. मोठ्या युनिटमध्ये आउटडोअरला कॉन्टॅक्टर, म्हणजे तसलाच मोठा स्विच असतो. तीन मिनिटं झाल्यावर आउटडोअरच्या टर्मिनल ब्लॉकवर २३० आले का बघा. नाही आले तर कॉम्प्रेसरला विसरा, इनडोअरकडे जा, रिले, सेन्सर, नाहीतर मधली वायर.

वायर उंदीर खातो. कॉन्टॅक्टरमध्ये पाल अडकून मरते आणि पॉइंट जुळत नाहीत, रिलेत मुंग्या घर करतात. सुरुवातीची काही वर्षं मी अलिबागकडे काम केलं, तिथे खाऱ्या हवेने लग हिरवे पडून हाताने ओढले की तुटून यायचे, आता नाशकात तेच काम धूळ करते. लग काळा, पिवळा, ठिसूळ काहीही दिसला तरी कापून नवीन थिंबल दाबून बसवा, नुसता घासून परत खोचू नका.

कपॅसिटर, म्हणजे लोक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो

इथे एक गोंधळ सांगून ठेवतो. घरच्या पंख्याच्या कपॅसिटरला आपल्याकडे सगळे कंडेन्सर म्हणतात, पण एसीत कंडेन्सर म्हणजे आउटडोअरची ती मोठी जाळी. फोनवर गिऱ्हाईक म्हणतं कंडेन्सर गेलाय, आपण जाळी बदलायचा खर्च सांगतो, आणि तिकडे भांडण.

दीड टनाच्या रोटरी (पिस्टनऐवजी आत रोलर फिरणाऱ्या) कॉम्प्रेसरला साधारण ३५ ते ५० एमएफडीचा (मायक्रोफॅरॅड, कपॅसिटरचं माप), ४४० व्होल्टचा रन कपॅसिटर असतो, पंख्याला वेगळा २ ते ४ एमएफडीचा, किंवा दोन्ही एकाच डब्यात तीन टोकांचे. वर फुगलेला असेल, बुडाशी तेल ओघळलेलं असेल तर मोजत बसायचं कारण नाही. दिसायला चांगला असेल तर रिकामा करून, एक तरी वायर काढून मीटरने मोजा. डब्यावर सहसा ५ टक्के कमी-जास्त लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ वाला ४३ ते ४७ मध्ये यायला हवा. ४० च्या खाली गेला की मी बदलतो. ३२-३३ वर आलेला कपॅसिटर सकाळी गारव्यात कॉम्प्रेसर उचलतो आणि दुपारी नाही उचलत, आणि तिथेच "कॉम्प्रेसर म्हातारा झालाय" असं सांगणारे भेटतात.

काही कपॅसिटर मीटरवर चांगले दिसतात आणि चालू व्होल्टेजवर झोपतात. त्याला चालू असताना मोजायची पद्धत आहे. कपॅसिटरकडून स्टार्टला जाणाऱ्या वायरला क्लॅम्प लावा, कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्या, अँपिअरला ३१८३ ने गुणा आणि त्या व्होल्टेजने भागा, आपल्या ५० हर्ट्झला हे गणित चालतं. समजा ५.२ अँपिअर आणि ३७० व्होल्ट आले तर ४४.७ एमएफडी, म्हणजे ४५ वाला ठीक. हो, २३० च्या लाइनवर तिथे ३५० च्या वर व्होल्टेज असतं, त्यामुळे प्रोबचं टोक घसरलं तर चांगलाच प्रसाद मिळतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने हे करू नये, सरळ नवीन कपॅसिटर लावून बघावा.

आणि लावताना तेवढ्याच एमएफडीचा. जोरात उचलेल म्हणून ४५ च्या जागी ६० टाकणारे आहेत, त्याने स्टार्ट वाइंडिंगमधून कायमचा जास्त करंट जातो आणि सहा महिन्यांनी खरंच कॉम्प्रेसर जातो. व्होल्टेज ४४० चा असेल तर ४४० च, कमी नाही.

ओव्हरलोड

कॉम्प्रेसरच्या टोपीखाली, कॉमनच्या वायरच्या रस्त्यात एक काळी बटणासारखी चकती असते, तो ओव्हरलोड. आत दोन धातूंची पट्टी, तापली की वाकते आणि सप्लाय तोडते. काही कॉम्प्रेसरमध्ये तो आतच असतो, वाइंडिंगपाशी.

बाहेरचा असेल तर काढून दोन टोकांत मीटर लावा, गार असताना तो जोडलेलाच दाखवला पाहिजे. गार असून ओपन म्हणजे तो गेला, किरकोळ पार्ट आहे, पण त्याच कॉम्प्रेसरच्या रेटिंगचा घ्या. आतला असेल तर ओळखायची खूण माझ्या वरच्या किश्शात आहे, कॉमन-रन ओपन, कॉमन-स्टार्ट ओपन, पण रन-स्टार्ट जोडलेलं. असं दिसलं की कॉम्प्रेसरच्या अंगाला हात लांबून धरून बघा, तापलेला असेल तर एमसीबी पाडा आणि घरी जा. रोटरीचं लोखंड गार व्हायला तास-दोन तास सहज लागतात, उन्हात जास्त. पूर्ण गार झाल्यावरही तेच रीडिंग आलं तरच आतला ओव्हरलोड गेला म्हणायचं, आणि तो बदलता येत नसल्याने मग कॉम्प्रेसर बदलणं आलं.

ओव्हरलोड बायपास करून एसी चालवून देणे हा प्रकार मी सांगतोय कारण होतो. करू नका, तो एसी पुढच्या वेळी थांबणार नाही, जळेल.

वाइंडिंगचं माप

एमसीबी खाली, कपॅसिटर रिकामा, कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायर सुट्या. मीटर सगळ्यात खालच्या ओहम रेंजला, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून स्वतःच्या वायरचा रेझिस्टन्स बघा, ०.२-०.३ दाखवेल, तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. इथले आकडेच इतके छोटे असतात की ०.३ ने निकाल फिरतो.

आता तीन पिनांच्या तीन जोड्या मोजा. समजा १.९, ३.१ आणि ५.० आले. सगळ्यात मोठं रीडिंग ज्या दोन पिनांमध्ये आलं त्या रन आणि स्टार्ट, उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी रीडिंगवाली रन, जास्तवाली स्टार्ट. आणि लहान दोन मिळवले की मोठं आलं पाहिजे, १.९ अधिक ३.१ बरोबर ५.०, जुळलं. पिनांवर कॉम्प्रेसर कंपनीचा क्रम छापलेला असला तरी एकदा मोजून बघा, टोपी बदललेली असू शकते.

बेरीज जुळली तरी एखादं रीडिंग कंपनीच्या तक्त्यापेक्षा फारच कमी असेल तर वाइंडिंगचे काही वेढे आपसात शॉर्ट झालेत, असा कॉम्प्रेसर सुरू होतोही पण अँपिअर जास्त खातो. एखादी जोडी कायम ओपन आणि कॉम्प्रेसर गार असेल तर वाइंडिंग तुटलंय. एक लक्षात ठेवा, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० डिग्रीने तापलेल्या कॉम्प्रेसरचं रीडिंग गार असतानाच्या सव्वापट जवळ जातं, म्हणून गरम असताना घेतलेला आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघू नका.

अर्थ, म्हणजे बॉडीला लागलाय का

ईएलसीबी पडतोय तर घाईने कॉम्प्रेसरवर जाऊ नका. आधी आउटडोअरच्या टर्मिनलवरून कॉम्प्रेसरच्या वायर सुट्या करा आणि टेप लावून एसी चालू करा, तरीही पडला तर दोष पंख्याच्या मोटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. पावसाळ्यात हे फार होतं, पंख्याच्या मोटरमध्ये पाणी जातं आणि बिल कॉम्प्रेसरच्या नावावर फाटतं.

कॉम्प्रेसरचा संशय पक्का झाला तर मेगर. एक टोक कॉमनला, दुसरं कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या पाइपला, रंग खरवडून चकाकेपर्यंत, ५०० व्होल्ट. २० मेगाओहमच्या वर असेल तर बिनघोर. १ च्या खाली असेल तर गंभीर. मधलं रीडिंग म्हणजे आत ओलावा किंवा तेल खराब असू शकतं, आणि आर-४१०ए, आर-३२ गॅसवाल्या कॉम्प्रेसरचं तेल मुळात ओलावा ओढणारं असतं, शिवाय बरेच दिवस बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तेलात गॅस मिसळून रीडिंग कमी येतं, म्हणून शक्य असेल तर थोडा वेळ चालवून, बंद करून परत घ्या. साध्या मल्टिमीटरने ओपन दाखवलं म्हणून बॉडीला अर्थ नाही असं धरू नका, ९ व्होल्टच्या बॅटरीला न सापडणारी गळती २३० ला सापडते.

मेगर लावताना सिस्टिम व्हॅक्युममध्ये (आतली हवा खेचून काढलेली) नको. व्हॅक्युममध्ये पिनांमध्ये ठिणगी मारते आणि चांगला कॉम्प्रेसर आपल्याच हाताने जातो.

हुंऽऽ करतो पण उचलत नाही

व्होल्टेज ठीक, कपॅसिटर नवा, वाइंडिंग जुळलं, बॉडीला अर्थ नाही, पाच मिनिटं थांबून सुरू केलं, तरी ३५ अँपिअर ओढून ट्रिप. आता मात्र जाम असण्याची शक्यता धरायला हरकत नाही. त्याआधी कॉम्प्रेसरची स्टार्टची वायर मधेच तुटलेली नाही ना बघा, कपॅसिटरपासून पिनेपर्यंत.

मग एक प्रयत्न हार्ड स्टार्ट किटने. ते क्षणभर जादा कपॅसिटर जोडतं आणि लगेच सोडतं. सोबत रबरी हातोडीने बाजूने दोन-तीन हलके ठोके. कधीकधी सुटतो, विशेषतः वर्षभर बंद असलेल्या बंगल्यातला. जुने उस्ताद स्टार्ट आणि रनची अदलाबदल करून क्षणभर उलटा फिरवतात, त्याने पण सुटलेले बघितलेत, पण असा सुटलेला कॉम्प्रेसर किती टिकेल याची मी कुणाला हमी देत नाही आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो. दोन-तीनदा करून नाही सुटला तर सोडा, प्रत्येक प्रयत्नात वाइंडिंग भाजतंय.

चालतो, पण तापून बंद पडतो

रोटरी कॉम्प्रेसरच्या डब्यात डिस्चार्जचा (दाबून बाहेर सोडला जाणारा) गरम गॅस भरलेला असतो, त्यामुळे तो ७०-८० डिग्री तापणं नेहमीचं आहे. जुन्या विंडोमधल्या पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरच्या डब्यात सक्शनचा (आत ओढला जाणारा) गार गॅस असायचा, तो एवढा तापत नसे. जुन्या कामाची सवय असलेले रोटरीला हात लावतात, चटका बसतो आणि निकाल देऊन टाकतात.

खरं कारण बहुतेक हवेचं असतं. जाळी मागून बघा, पुढून नाही, धुळीची गादी मागच्या बाजूला बसते. वीज बंद करून पाण्याने आतून बाहेर धुवा, प्रेशर वॉशर लांबून धरा नाहीतर पत्रे आडवे होतात. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय का, त्याचा छोटा कपॅसिटर मोजा, बेअरिंग हाताने फिरवून बघा. मुंबईच्या बिल्डिंगांमध्ये अरुंद डक्टमध्ये समोरासमोर चार-चार आउटडोअर असतात, एकाची गरम हवा दुसरा खातो, तिथे वरच्या मजल्याचा कॉम्प्रेसर मे महिन्यात ट्रिप होणारच, तो बदलून काय होणार, आउटडोअरची जागा बदला.

आणि गॅस कमी असला तरी कॉम्प्रेसर तापतो, कारण त्याला थंड ठेवणारा गॅसच कमी फिरतो. हे लोकांना उलटं वाटतं.

चालतो, बंद पडत नाही, पण गारही करत नाही

आता गेज. घरगुती स्प्लिटला बहुतेक जाड पाइपवर एकच पोर्ट असतो, म्हणजे फक्त सक्शन दिसतं, डिस्चार्जचा अंदाज अँपिअरवरून घ्यायचा. बंद एसीत, सगळं ३० डिग्रीला असताना, आर-२२ गॅस साधारण १५५-१६० पीएसआय (प्रेशरचं माप), आर-४१०ए आणि आर-३२ दोन्ही २६० च्या आसपास. एवढं दाखवलं म्हणजे आत थोडा तरी द्रव गॅस आहे इतकंच कळतं, पूर्ण आहे असं नाही.

चालू असताना आर-२२ ला सक्शन ६० ते ७५, आर-४१०ए आणि आर-३२ ला ११० ते १४० च्या घरात, खोली किती तापलीय त्यावर. आता गेज आणि क्लॅम्प दोन्ही एकत्र वाचा, एकट्या गेजवर निकाल देऊ नका. सक्शन कमी, अँपिअर कमी, पातळ पाइपच्या वॉल्व्हवर बर्फ, म्हणजे गॅस कमी, लीक शोधा. सक्शन कमी आणि इनडोअरच्या कॉइलवर पांढरा बर्फ, तर आधी फिल्टर काढून बघा, दोन वर्षं न धुतलेला निघेल. सक्शन आणि अँपिअर दोन्ही जास्त, म्हणजे जाळी तुंबली किंवा गॅस जास्त. आणि सक्शन जास्त पण अँपिअर कमी, जाड पाइप गार नाही, पातळ पण नाही, जाळीतून येणारी हवा नुसती कोमट, तेव्हा कॉम्प्रेसर फिरतोय पण दाबत नाहीये, आतला वॉल्व्ह किंवा व्हेन (रोटरीतली सरकती पट्टी) गेलेली. जाम झालेला सोडला तर ही एकच केस अशी आहे जिथे वीज सगळी बरोबर असून कॉम्प्रेसर गेलेला असतो.

याची खात्री पंप डाउनने होते. पातळ पाइपचा वॉल्व्ह बंद करून चालू ठेवायचा, चांगला कॉम्प्रेसर मिनिटा-दीड मिनिटात सक्शन शून्याजवळ आणतो, गेलेला ४०-५० वर रेंगाळतो. शून्याला आला की लगेच बंद, जास्त खेचायचं नाही. आणि सिस्टिममध्ये मोठा लीक असेल, फ्लेअर (पाइपचा नटवाला जोड) सैल असेल तर पंप डाउन अजिबात नाही. हवा आत ओढली जाते, तेल आणि हवा एकत्र दाबले की डिझेल इंजिनासारखा पेट घेतं आणि आउटडोअर फुटतं. अशा अपघातांत माणसं गेलेली आहेत.

आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो एसी असेल तर ज्याने त्याचं ट्रेनिंग घेतलंय त्यालाच बोलवा. आर-३२ पण पेटतो, सावकाश पण पेटतो, ब्रेझिंगच्या (ज्योतीने पाइप जोडायच्या) आधी गॅस पूर्ण काढलेला हवा.

इन्व्हर्टर

इथे कॉम्प्रेसरला रन कपॅसिटर नाही, कॉमन-रन-स्टार्ट नाही. यू, व्ही, डब्ल्यू अशा तीन वायर आणि तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखंच आलं पाहिजे, बहुतेक १-२ ओहमच्या आत. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते बघा. मेगर लावायचा तर वायर पीसीबीवरून काढूनच, नाहीतर पीसीबीची वाट लागते. या कॉम्प्रेसरला सरळ २३० देऊन बघू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी.

बंद केल्यावर निदान दहा मिनिटं थांबा, पीसीबीवरच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, मीटरने उतरलेलं बघा. डिस्प्लेवर कॉम्प्रेसरचा एरर आला आणि तिन्ही रीडिंग सारखे, मेगर चांगला, तर पीसीबीवरचा पॉवर मॉड्यूल, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तीन वायरींना वीज देणारा भाग, बघा. वायर काढून, डायोड रेंजला डीसीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह लाइनपासून (बसपासून) यू, व्ही, डब्ल्यूला सहा रीडिंग घ्या, सहाही जवळपास सारखी हवीत, एखादं शून्य आलं की मॉड्यूल गेला. माझ्या अनुभवात इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरपेक्षा पीसीबी जास्त जातो, पाली आणि व्होल्टेजच्या धक्क्यांमुळे.

बदलायचाच ठरला तर

जुना का गेला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका. जुन्या कॉम्प्रेसरचं थोडं तेल काढून बघा, काळं आणि जळका उग्र वास असेल तर आत ॲसिड झालंय, पाइप फ्लश करावे लागतील आणि ड्रायर-स्ट्रेनर (ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) बदलावा लागेल, नाहीतर नवा पण त्याच वाटेने जाईल. ब्रेझिंग करताना पाइपमधून बारीक नायट्रोजन सोडत राहा. लीक टेस्ट नायट्रोजननेच, ऑक्सिजनने कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. व्हॅक्युम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्युमचं माप), एसीच्याच कॉम्प्रेसरने हवा काढायचा जुगाड नको. गॅस प्लेटवर लिहिलेल्या वजनाने, काट्यावर.

वॉरंटी कार्ड पण एकदा वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी कॉम्प्रेसर फुकट मिळतो पण गॅस, मजुरी आणि वाहतूक वेगळी लागते, आणि गिऱ्हाइकाला हे आपणच आधी सांगितलेलं बरं.

चालू झाल्यावर अर्धा तास थांबा. इनडोअरच्या ग्रिलची हवा आणि खोलीची हवा यात १० ते १४ डिग्रीचा फरक आला का बघा, अँपिअर प्लेटच्या आकड्याशी ताडा. मग आउटडोअरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, व्होल्टेज, अँपिअर, सक्शन आणि तिन्ही वाइंडिंगचे गार असतानाचे ओहम लिहून ठेवा. दोन वर्षांनी जो कोणी तो पत्रा उघडेल, त्याला माझ्यासारखं काकूंसमोर उभं राहायला लागणार नाही.